मान्यता कुणाची? : समुपदेशनाच्या पदवीची नव्वद वर्षे

१

गेल्या वर्षी श्रावणात, संध्याकाळच्या लोकलने आसनगावला उतरून आमच्या शेजारच्या पाड्यातली एक मुलगी थेट माझ्या घरी आली. हातात प्लास्टिकची फाइल. तालुक्यातल्या एका मुलींच्या वसतिगृहात ती चार वर्षे रात्रपाळीची मदतनीस म्हणून काम करते. मराठी आणि समाजशास्त्र घेऊन बी.ए. झालेली. फाइलमध्ये एक चकचकीत प्रमाणपत्र होते : समुपदेशनातील पदविका, कालावधी सहा महिने. त्यासाठी तिने अठरा हजार रुपये भरले होते. तळाशी ‘शासनमान्य’ असा शब्द आणि त्याखाली एक क्रमांक. एका शाळेत समुपदेशकाची जागा निघाली म्हणून ती मुलाखतीला गेली, तेव्हा समोरच्या बाईंनी तो कागद उलटसुलट करून एकच प्रश्न विचारला : मान्यता कुणाची?

“काका, तुम्ही जुने कागद वाचता ना,” ती म्हणाली, “मग हा नंबर कशाचा ते सांगा. आणि खरी मान्यता कुणाची असते तेही सांगा. परत पैसे घालवायची माझी ऐपत नाही.”

क्रमांकाचे उत्तर सोपे निघाले. तो सार्वजनिक न्यास नोंदणीचा क्रमांक होता. देवळाच्या विश्वस्त मंडळालाही असा क्रमांक मिळतो. न्यास नोंदला गेला म्हणजे त्याने शिकवलेली विद्या शासनाला मान्य झाली, असे होत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६च्या कायद्याने पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना आणि कायद्याने तसा अधिकार मिळालेल्या संस्थांनाच आहे.

दुसऱ्या प्रश्नाने मात्र मला वर्षभर गुंतवून ठेवले. माझा विषय शहापूर-मुरबाडचा स्थानिक इतिहास. मानसशास्त्र मी कधी शिकलेलो नाही, आणि इतिहासही कुठल्या वर्गात बसून शिकलेलो नाही. पण शोधता शोधता लक्षात आले, की हा प्रश्न इतिहासाचाच आहे. समुपदेशनाच्या पदवीला आपल्याकडे एक मान्यता नाही, अनेक आहेत. त्या वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या गरजांतून आल्या आणि अजून एकमेकींत पुरत्या मिसळलेल्या नाहीत. प्रवेशअर्जातले रकाने या इतिहासाचे अवशेष आहेत. ते वाचता आले, तर कुठला अर्ज भरावा हे कळू शकते.

२

आधी शब्दाविषयी. ‘समुपदेशन’ या शब्दाच्या पोटात ‘उपदेश’ आहे. हिंदीने ‘परामर्श’ हा शब्द घेतला, त्यात विचारविनिमयाची छटा आहे. मराठीने घेतलेल्या शब्दात एक सांगणारा आणि एक ऐकणारा असतो. या विद्येचे शिक्षक मात्र पहिल्याच दिवशी बजावतात, की इथे उपदेश करायचा नाही. आधी ऐकायचे, आणि समोरच्याला त्याचा निर्णय त्याचा त्याला घेता येईल इतकी वाट मोकळी करायची. आपल्याकडे हा गोंधळ शब्दापासूनच आहे. उपदेश करायला पदवी कशाला, असे ज्याला वाटते त्याला सहा महिन्यांची पदविकाही जास्तच वाटते. ऐकणे हे शिकावे लागते, कुणाच्या तरी देखरेखीखाली चुका करत शिकावे लागते, हे मान्य केले तरच पदवीचा प्रश्न उभा राहतो.

मुंबईत तो पहिल्यांदा उभा राहिला नागपाड्यात.

३

अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत आले. मराठी छपाईच्या आणि शाळांच्या इतिहासात या मिशनचे नाव वाचकांना परिचित आहे. शंभराहून अधिक वर्षांनी, १९२०च्या दशकात, याच मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी भायखळ्याजवळच्या नागपाड्यात ‘नेबरहूड हाउस’ सुरू केले. गिरणीकामगार, गोदीकामगार आणि नाना जातिधर्मांची गरीब वस्ती असलेला हा भाग. तिथे काम करताना मॅन्शार्ट यांचे मत झाले, की नुसत्या भल्या मनाने हे काम निभत नाही, त्यासाठी माणसे शिकवून तयार केली पाहिजेत. सर दोराबजी टाटा ट्रस्टने ही कल्पना उचलली आणि १९३६ साली ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ सुरू झाले. समाजकार्याचे व्यावसायिक शिक्षण देणारी ही भारतातली पहिली संस्था. १९४४ साली तिचे नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाले, १९६४ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आज ती देवनारला आहे.

नावातला ‘ग्रॅज्युएट’ हा शब्द महत्त्वाचा. प्रवेशासाठी पदवी हवी, पण ती कुठल्या विषयाची हवी यावर भर नव्हता. अभ्यासक्रम दोन वर्षांचा. वर्गाच्या जोडीला प्रत्यक्ष वस्तीत, रुग्णालयात, संस्थेत जाऊन केलेले क्षेत्रकार्य, आणि त्यावर देखरेख करणारा शिक्षक. १९३७ साली या संस्थेने बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. देशातल्या अशा पहिल्या केंद्रांमध्ये त्याची गणना होते. मुलाच्या वागण्याची तक्रार घेऊन आलेल्या आईबापांशी बसून बोलायचे, घरी जाऊन पाहायचे, नोंदी ठेवायच्या, हे काम विद्यार्थी तिथे शिकू लागले. समुपदेशन हा शब्द तेव्हा रूढ नव्हता. पण पदव्युत्तर पातळीवर, देखरेखीखाली, ऐकण्याची विद्या शिकवण्याची सुरुवात इथे झाली, असे मी मानतो.

एक स्थानिक टीप. १९३६ साली मुंबईला ज्या तलावांचे पाणी जात होते, त्यांत आमच्या तालुक्यातला तानसा होता. तो १८९२पासून शहराला पाणी पुरवतो. आसनगावला रेल्वे त्याआधीच, १८६० साली आली, आणि भायखळा त्याच रेल्वेवर आहे. आमच्याकडचे पाणी आणि माणसे या शहरात केव्हाच पोहोचली होती. तिथली ही विद्या उलट दिशेने आमच्यापर्यंत यायला मात्र फार वेळ लागला.

४

दुसरी वाट शाळांमधून आली, आणि तिचा विषय होता पोटापाण्याचा. कुठल्या मुलाने कुठला व्यवसाय धरावा, याचे शास्त्रीय मार्गदर्शन मुंबईत १९४०च्या दशकात सुरू झाले. पारशी पंचायतीने १९४७ साली आपल्या समाजातल्या मुलांसाठी व्यवसाय मार्गदर्शन केंद्र काढले. १९५० साली मुंबई सरकारने स्वतःचे व्यवसाय मार्गदर्शन केंद्र उघडले. १९५२-५३च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांत मार्गदर्शनाची सोय असावी अशी शिफारस केली. १९५९ साली मुंबई विद्यापीठात उपयोजित मानसशास्त्राचा विभाग स्थापन झाला. या वाटेचे मुख्य हत्यार चाचणी : बुद्धिमापन, कल, आवड. म्हणून इथे प्रवेशासाठी मानसशास्त्राचा पाया लागतो. मानसशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांचे अर्ज आजही बहुतेक ठिकाणी बी.ए.ला तो विषय होता का, असे विचारतात. त्याची मुळे या काळात आहेत.

तिसरी वाट रुग्णालयातली. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१चे. तिथे दीर्घकाळ राखण आणि उपचार होते. बोलून करायच्या कामाचे स्वतंत्र शिक्षण नव्हते. ते देशात नीट उभे राहिले १९५४ साली बंगळुरूला स्थापन झालेल्या अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेत, म्हणजे पुढच्या निम्हान्समध्ये. तिथून चिकित्सा मानसशास्त्रज्ञ नावाचा व्यवसाय तयार झाला : एम.ए.नंतर दोन वर्षे पूर्ण वेळ, रुग्णालयात, देखरेखीखालचे प्रशिक्षण. १९९२च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने या व्यवसायाला नोंदवही मिळाली. नोंदवहीत नाव नसताना या कायद्याखालचा व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा कायद्यात आहे. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची व्याख्या याच परिषदेच्या मान्यतेवर बांधली. त्या कायद्यात मनोविकारतज्ज्ञ आहे, मनोविकार परिचारिका आहे, मनोविकार समाजकार्यकर्ता आहे. साध्या समुपदेशकाची व्याख्या मात्र नाही.

ज्यांना ही तिसरी मान्यता सर्वांत पक्की वाटते, त्यांनी अलीकडची एक गोष्ट लक्षात घ्यावी. या व्यवसायाचे दार असलेली एम.फिल. ही पदवीच नव्या शैक्षणिक धोरणात मोडीत निघाली. विद्यापीठ अनुदान आयोगाला चिकित्सा मानसशास्त्र आणि मनोविकार समाजकार्य या दोन विषयांसाठी तिला २०२५-२६पर्यंत मुदतवाढ द्यावी लागली. पदवीचे नाव बदलले, की अर्ज करणाऱ्याला सगळी चौकशी नव्याने करावी लागते.

५

या तीन वाटांच्या मधल्या जागेत गेली चाळीस वर्षे समुपदेशक नावाची माणसे काम करत आहेत. १९८४च्या कुटुंब न्यायालय कायद्याने न्यायालयात समुपदेशक नेमायची तरतूद केली. त्याच वर्षी टाटा इन्स्टिट्यूटच्या पुढाकाराने मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला; मारहाण झालेल्या बाईला पोलिसांसमोर बोलायला कुणीतरी हवे, म्हणून प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या तिथे बसू लागल्या. एचआयव्हीच्या साथीत सरकारी रुग्णालयांत तपासणीच्या आधी आणि नंतर बोलणारे समुपदेशक नेमले गेले, आणि ग्रामीण महाराष्ट्राने ‘समुपदेशक’ ही पाटी बहुधा पहिल्यांदा तिथे वाचली. ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ स्थापन केली आणि मनाच्या आरोग्याची भाषा मराठी मध्यमवर्गीय घरांत नेली.

इतकी कामे, इतक्या नेमणुका. पण समुपदेशकाची नोंदवही नाही. वकिलाला बार कौन्सिल आहे, डॉक्टरला वैद्यक परिषद. समुपदेशकाचे नाव कुठेही नोंदवले जात नव्हते, म्हणून कुणीही पाटी लावू शकत होता आणि कुणीही पदविका विकू शकत होता. आमच्या मुलीचे अठरा हजार या रिकाम्या जागेत गेले.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांतली मुले हा विषय घेतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : अभ्यासक्रमाला ‘केक्रेप’ची मान्यता आहे का? समुपदेशनाचे अभ्यासक्रम तपासणारी ही संस्था तिथे १९८१पासून आहे, आणि व्यवसायाचा परवाना देताना राज्ये अभ्यासक्रमाकडे पाहतात. आपल्याकडे लोक ‘नॅक’ची श्रेणी दाखवतात. पण १९९४ साली स्थापन झालेली नॅक संपूर्ण महाविद्यालयाला किंवा विद्यापीठाला श्रेणी देते. उत्तम श्रेणीच्या महाविद्यालयातला समुपदेशनाचा अभ्यासक्रम चांगला आहे की नाही, हे त्या श्रेणीवरून कळत नाही.

ही पोकळी भरण्याचा पहिला कायदेशीर प्रयत्न म्हणजे २०२१चा राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा. त्याच्या परिशिष्टात वर्तन-आरोग्याचा एक गट आहे. त्यात चिकित्सा मानसशास्त्रज्ञ सोडून इतर मानसशास्त्रज्ञ आहेत, वर्तन-आरोग्य समुपदेशक आहेत, एचआयव्ही आणि कुटुंबनियोजनाचे समुपदेशक आहेत, समाजकार्यकर्तेही आहेत. नागपाड्याची वाट आणि विद्यापीठाची वाट इथे पहिल्यांदा एका यादीत आली. कायद्याने तासही मोजले : संलग्न व्यावसायिकासाठी दोन ते चार वर्षांत किमान २००० तास, आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी तीन ते सहा वर्षांत किमान ३६०० तास. सहा महिन्यांच्या पदविकेचा हिशोब वाचकांनीच करावा.

६

आता २०२५चा जुलै. आंध्र प्रदेशातल्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्या महिन्यात देशभरासाठी निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने मुलांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण असलेला किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा किंवा त्याची सेवा घ्यावी, असे त्यात आहे. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत शंभरहून अधिक मुलांच्या शाळा आणि आश्रमशाळा किती आहेत, हे इथल्या वाचकाला सांगायला नको.

त्याच महिन्यात विद्यापीठ अनुदान आयोगाने दुसरा निर्णय घेतला. २०२१च्या कायद्याखाली येणारे विषय, आणि त्यात मानसशास्त्र, यापुढे दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने शिकवायचे नाहीत. २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासूनच नवे प्रवेश बंद.

या निर्णयाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. समोर बसलेल्या माणसाचे ऐकायला पोस्टाने आलेल्या पुस्तकांतून शिकता येत नाही, हे १९३६ साली नागपाड्यात ठरले होते. आयोगाने नव्वद वर्षांनी तेच मानले. पण १९७१ साली मुंबई विद्यापीठाने सुरू केलेले बहिःस्थ शिक्षण, १९८५चे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ, १९८९चे नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ ही नोकरी करत शिकणाऱ्यांची, विशेषतः गावाकडच्या बायकांची दारे होती. ती मुलगी माझ्याकडे आली त्या आठवड्यात तिने एका मुक्त विद्यापीठाचा मानसशास्त्र एम.ए.चा अर्ज भरायला घेतला होता. अर्धा भरलेला अर्ज तिच्या फाइलमध्येच होता.

म्हणजे एका महिन्यात न्यायालयाने तिच्या गावातल्या शाळेसाठी तिच्यासारखी व्यक्ती मागितली, आणि आयोगाने तिच्या गावात बसून तशी व्यक्ती होण्याची वाट बंद केली. दोन्ही निर्णय आपापल्या जागी समर्थनीय आहेत. त्यांच्या मधले अंतर कुणी भरायचे, याचा विचार दोन्हीकडे झालेला मला दिसला नाही. आश्रमशाळेतल्या अनुभवी अधीक्षिकांना आणि मदतनीसांना भरपगारी रजा देऊन दोन वर्षे शिकायला पाठवणे, आणि क्षेत्रकार्य त्यांच्याच तालुक्यात देणे, ही काही अवघड कल्पना नाही. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी आपल्या समाजाने एके काळी हेच केले होते.

७

या सगळ्या शोधातून मी तिला एका वहीत चार प्रश्न लिहून दिले. पदवी देणारे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत आहे का, आणि तो अभ्यासक्रम नियमित पद्धतीचा आहे का? या पदवीने कुठल्या नोंदवहीचे दार उघडते : पुनर्वास परिषदेच्या, २०२१च्या आयोगाच्या, की कुठल्याच नाही? क्षेत्रकार्याचे तास किती, आणि त्यावर देखरेख कोण करते, हे माहितीपत्रकात स्पष्ट छापले आहे का? आणि तुझी बी.ए. त्यांना चालते का?

चौथ्या प्रश्नाने निम्मे अर्ज गळाले. बी.ए.ला मानसशास्त्र नसल्याने विद्यापीठाची वाट तिला जवळजवळ बंद होती. नागपाड्याची उघडी होती : समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो. तिसऱ्या प्रश्नावर एका संस्थेने फोनवर “ते नंतर सांगू” असे उत्तर दिले, तेव्हा ते नाव तिने स्वतःच खोडले. शेवटी दोन अर्ज उरले, दोन्ही एम.एस.डब्ल्यू.चे.

अर्जात ‘अनुभव’ असा रकाना होता. तो तिने कोरा सोडला होता. मी कारण विचारले, तर म्हणाली, “माझं काम मदतनीसाचं. दिवे बघायचे, पाणी बघायचं. त्यात काय लिहू?” मग बोलता बोलता तिने सांगितले, की रात्री दिवे गेल्यावर लहान मुली तिच्या खाटेजवळ येऊन बसतात. आईबाप वीटभट्टीवर गेलेले असतात. कुणाला घरी जायचे असते, कुणाचे लग्न ठरवत असतात. ती काही सांगत नाही; तिला काय सांगावे ते कळत नाही, म्हणून नुसती ऐकते. कोण आली आणि काय म्हणाली, ते विसरू नये म्हणून एका वहीत दोन-दोन ओळी लिहून ठेवते. चार वर्षांच्या तीन वह्या झाल्या आहेत. बालमार्गदर्शन केंद्रात १९३७ साली मुले काय शिकत होती, ते मी तिला वाचून दाखवले. रकाना तिने त्या रात्री भरला. मुलींची नावे न घेता, साध्या मराठीत, आठ ओळी. मी त्यातला एक काना-मात्राही बदलला नाही.

यंदा पावसाळ्यात दुसऱ्या यादीत तिचे नाव लागले. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज यांत पंधरा दिवस गेले. वसतिगृहाची नोकरी सोडावी लागली. मी दिलेली वही परत करायला ती आली, तेव्हा माझ्या चार प्रश्नांखाली तिच्या अक्षरात पाचवा लिहिलेला होता : राहायची सोय आहे का, आणि नसेल तर आसनगावची शेवटची गाडी किती वाजता?

नव्वद वर्षांच्या कागदांतून मी चार प्रश्न काढले, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता. राहायच्या सोयीसाठी तिचे नाव अजून प्रतीक्षायादीत आहे. तोवर ती रोज पहाटेच्या गाडीने जाते.